एरर की नुसती इजा? नाण्यावरचा टाकसाळी दोष ओळखायची रीत

नाण्यावर काही वेगळं दिसलं की बहुतेकांच्या तोंडून आधी निघतं, "ह्याचे किती येतील?" तो प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. आधी हे ठरवायचं: टाकसाळीच्या दारातून बाहेर पडताना नाणं असंच होतं, की नंतर कुणाच्या खिशात, रुळावर किंवा हातोडीखाली त्याची ही गत झाली? आधीचा दोष असेल तर ते एरर. नंतरचा असेल तर ती इजा, आणि इजा झालेल्या नाण्याला छापील किमतीपलीकडे कुणी काही देत नाही. हा फरक करायला अंदाज लागत नाही. नाणं कसं बनतं ते माहीत असावं, एक वजनकाटा असावा आणि थोडा धीर.

टाकसाळीत तीन गोष्टी घडतात. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापल्या जातात, त्या तापवून मऊ करतात आणि एका यंत्रातून फिरवून त्यांची कड किंचित उचलतात. ही झाली चकती. दुसरी गोष्ट डाय: कठीण पोलादाच्या दोन ठोकळ्यांवर नाण्याची उलटी प्रतिमा, एकावर छापा आणि दुसऱ्यावर काटा. तिसरी गोष्ट ठोका. चकती खालच्या डायवर बसते, भोवती पोलादी कडं असतं, त्याला कॉलर म्हणतात, आणि वरची डाय खाली येते. धातू दाबला जाऊन डायच्या खळग्यांत शिरतो, बाजूला पसरू पाहतो, पण कॉलर त्याला अडवते. कॉलरला आतून दाते असतील तर नाण्याची कड दातेरी होते.

म्हणून खऱ्या एररचा जन्म चकतीत, डायमध्ये किंवा ठोक्यात झालेला असलाच पाहिजे. हातातली विचित्र खूण या तिघांपैकी कुठे आणि कशी झाली हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर ते नाणं बाजूला ठेवा.

उंच की खोल

डायवर सगळं उलटं असतं. डायला तडा गेला तर त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उठते. डायचा टवका उडाला तर नाण्यावर धातूचा गोळा येतो. डाय गंजून खड्डे पडले तर नाण्यावर बारीक पुटकुळ्या येतात. याउलट डायच्या खळग्यात ग्रीस आणि धातूचा चुरा साठला, तर तेवढा भाग नाण्यावर उठतच नाही. आकडा अर्धवट किंवा गायब.

थोडक्यात, उंच रेघ दिसली तर डायचा संशय घ्यायचा आणि खोल रेघ दिसली तर ओरखड्याचा. खोल रेघेला एकच मोठा अपवाद आहे. ठोक्याच्या वेळी चकतीवर धागा, तारेचा तुकडा किंवा चिंधी पडली असेल तर तिचाही खोल ठसा उमटतो. ओळखायची खूण अशी: ओरखड्यात धातू उकरला जातो आणि रेघेच्या दोन्ही काठांना बारीक वरंबा उठतो, शेतात नांगराच्या तासाला उठतो तसा. धाग्याच्या ठशाचे काठ गुळगुळीत असतात, वरंबा नसतो. १० पट भिंगाखाली हा फरक पहिल्या नजरेत दिसतो.

हत्यारं आणि क्रम

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला वजनकाटा, डिजिटल व्हर्निअर, १० पटीचं चांगलं भिंग, साधं लोहचुंबक, वाकवता येणारा एलईडी दिवा आणि शाळेतला कोनमापक. एवढ्यावर नव्वद टक्के काम भागतं. यूएसबी सूक्ष्मदर्शक नंतर घ्या. सुरुवातीलाच तो हाती आला की माणूस प्रत्येक खरचटण्यात खजिना शोधू लागतो.

क्रम मात्र मोडू नका: वजन, व्यास, चुंबक, कड, मग भिंग. भिंग शेवटी, कारण डोळ्याला फसवता येतं, वजनकाट्याला फारसं नाही.

तुलनेसाठी ही मापं वहीत लिहून ठेवा:

- १ रुपया, कप्रोनिकेल (तांबं आणि निकेलचा मिश्रधातू), १९७५–८२: ८ ग्रॅम, २८ मिमी
- १ रुपया, कप्रोनिकेल, १९८३–९१: ६ ग्रॅम, २६ मिमी
- १ रुपया, स्टील, १९९२–२००४: ४.८५ ग्रॅम, २५ मिमी
- १ रुपया, स्टील, २०११ ची मालिका: ३.७९ ग्रॅम, २२ मिमी
- २ रुपये, अकरा बाजूंचं कप्रोनिकेल, १९९२–२००४: ६ ग्रॅम, २६ मिमी
- २ रुपये, स्टील, २०११ ची मालिका: ४.८५ ग्रॅम, २५ मिमी
- ५ रुपये, जाड कप्रोनिकेल, १९९२–२००४: ९ ग्रॅम, २३ मिमी
- ५ रुपये, २००७–०८ चं स्टील आणि २००९ पासून २०१९ च्या मालिकेआधीपर्यंतचं निकेल ब्रास (पितळेसारखा पिवळा मिश्रधातू): ६ ग्रॅम, २३ मिमी
- १० रुपये, द्विधातू (दोन धातूंचं), २०१९ च्या मालिकेआधीचं: ७.७१ ग्रॅम, २७ मिमी
- २० रुपये, बारा बाजूंचं: ८.५४ ग्रॅम, २७ मिमी

दोन-अडीच टक्क्यांचा फरक सोडून द्या. चकत्याच तेवढ्या कमीजास्त निघतात, आणि वापरात झिजलेलं नाणं आणखी थोडं हलकं भरतं. ९ ग्रॅमचं पाच रुपयांचं नाणं ८.८४ भरलं तर त्यात काही नाही. ते ६ ग्रॅमच्या आसपास भरलं तर मात्र खुर्ची ओढून बसा.

चुंबकाचा उपयोग असा: १९८८ नंतरच्या पैशांच्या आणि रुपयांच्या नाण्यांत वापरलेलं स्टील चुंबकाला चिकटतं, कप्रोनिकेल आणि निकेल ब्रास चिकटत नाहीत. पिवळं दिसणारं नाणं चुंबकाला चिकटलं तर आतलं स्टील आहे आणि वर मुलामा चढवलाय. "तांब्याचा एक रुपया" म्हणून विकली जाणारी बरीचशी नाणी या एका चाचणीत गळतात.

धातू बदलल्याचा दावा करण्याआधी त्या वर्षी ते नाणं किती धातूंत निघालं होतं ते बघा. लोकमान्य टिळकांचं २००७ सालचं पाच रुपयांचं नाणं कप्रोनिकेल आणि स्टील अशा दोन्ही धातूंत आहे. एक जड, एक हलकं, दोन्ही रीतसर. यातलं हलकं "चुकीच्या चकतीवरचं" म्हणून गळ्यात मारणारे भेटतात.

जे एरर नाही ते आधी बाजूला

वर्षाखालच्या टाकसाळीच्या खुणा (मिंट मार्क) पाठ असाव्यात. मुंबईचा हिरा, हैदराबादचा पाच टोकांचा तारा (जुन्या काही नाण्यांवर दुभंगलेला किंवा मध्ये ठिपका असलेला हिरा), नोएडाचा गोल ठिपका. कोलकात्याची खूणच नाही. प्रूफ नाण्यांवर (संग्राहकांसाठी खास पाडलेल्या चकचकीत नाण्यांवर) मुंबईची खूण बी किंवा एम अशी रोमन अक्षरात असते.

"मिंट मार्क गायब" हा दावा त्यामुळे फार निसरडा आहे. खूण नसलेलं नाणं बहुतेक वेळा कोलकात्याचं असतं, विषय संपला. क्वचित मुंबईच्या डायमधला हिऱ्याचा खळगा ग्रीसने भरतो आणि नाणं कोलकात्याचं वाटतं. दिवा आडवा धरून वर्षाखालची जागा बघा. भरलेल्या डायमध्ये खुणेचा पुसट उंचवटा किंवा एखादा कोपरा तरी बहुधा राहतो, आणि शेजारचे वर्षाचे आकडेही थोडे दबलेले दिसतात. जागा आरशासारखी सपाट आणि आकडे ठसठशीत असतील तर कोलकाताच.

परदेशी टाकसाळींच्या खुणा हा दुसरा घोळ. देशात नाण्यांची टंचाई पडली तेव्हा बाहेरून नाणी पाडून आणली. १९८५ च्या एक रुपयावर वर्षाखाली रोमन एच दिसतो, तो बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीचा. १९८८ च्या दहा, पंचवीस आणि पन्नास पैशांवरचा सी कॅनडाचा. वर्तुळात एमके असेल तर स्लोव्हाकिया, एमएमडी असेल तर मॉस्को. संग्रहात ही नाणी हवीतच, पण त्यांना एरर म्हणू नका.

दहा रुपयांच्या नाण्यावर कधी दहा रेषा, कधी पंधरा, कधी रुपयाचं चिन्ह आहे, कधी नाही. यावरून दुकानदारांनी एवढा गोंधळ घातला की शेवटी रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढावं लागलं: तोवर आलेल्या चौदाही रचना वैध आहेत. त्यातली कुठलीच बनावट नाही आणि कुठलीच एररही नाही.

आरेखनातली चूकही टाकसाळी दोषात मोडत नाही. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि नाणं मागे घ्यावं लागलं. गोष्ट रंजक आहे, नाण्याला किंमतही आहे, पण डायने जे सांगितलं तेच चकतीवर उमटलं होतं.

चकतीचे दोष

यात सर्वांत जास्त भेटणारा आणि सर्वांत जास्त नकली बनवला जाणारा दोष म्हणजे क्लिप. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही की कापणारा पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि चकतीचा चंद्रकोरीएवढा लचका जातो. पट्टीच्या टोकाला पंच पडला तर क्लिप सरळ येते.

एक उदाहरण घेऊ. समोर एक रुपया स्टील, १९९० च्या दशकातला, उजव्या बाजूला वाकडा लचका. वजनकाटा दाखवतो ४.४१ ग्रॅम. मूळ ४.८५, गेले ०.४४, म्हणजे सुमारे ९ टक्के. आता डोळ्यांनी अंदाज घ्या: गेलेला भाग नाण्याच्या क्षेत्रफळाच्या नऊ-दहा टक्के दिसतोय का? वजन ४.८५ भरलं आणि लचका मोठा दिसला तर धातू गेलेला नाही, दाबून किंवा ठोकून आत सारलाय. पुढे वाचायची गरजच नाही.

वजन जुळलं तर लचक्याजवळची अक्षरं बघा. चकती ठोक्याआधीच अपुरी असेल तर दाब पडताच धातू त्या रिकाम्या जागेकडे वाहतो. त्यामुळे लचक्यालगतची अक्षरं, दाते आणि कड हळूहळू पसरट, पुसट होत जातात. कानशीने घासलेल्या नाण्यात अक्षर शेवटच्या कणापर्यंत ठसठशीत असतं आणि एकदम कापलं जातं, सुरीने कापलेल्या वडीसारखं. लचक्याची उभी भिंत भिंगाखाली धरा: एकमेकींना समांतर बारीक रेघा म्हणजे कानस किंवा करवत. काठाला बोटाला टोचणारा धारदार पदर असेल तर काम अगदी ताजं आहे.

मग नाणं फिरवून लचक्याच्या बरोबर समोरची कड बघा. अस्सल क्लिपमध्ये तिथली कड बऱ्याचदा बसकी, अर्धवट उठलेली असते. कारण कड उचलणारं यंत्र चकतीला दोन बाजूंनी दाबत फिरवतं. लचक्याची बाजू दाबायला धातूच नाही, म्हणून समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही. ब्लेकस्ली परिणाम म्हणतात तो हाच. तो दिसला तर पारडं जड. नाही दिसला तर लगेच नकली ठरवू नका, लहान क्लिपमध्ये तो नसतोही.

पापुद्रा सुटणं हा दोष मिश्रधातूत कचरा किंवा हवा राहिल्याने होतो. साल वर उचललेली असते किंवा सुटून गेलेली असते आणि खाली खरबरीत, रेघारेघांचा पृष्ठभाग दिसतो. साल पडलेली असेल तर वजन थोडं कमी हवं. कोरी चकती, ठोकाच न बसलेली, कधीमधी मिळते. पण सपाट घासलेलं नाणं आणि कोरी चकती यांत वजनाने फरक पडतो, शिवाय घासलेल्या नाण्यावर आडव्या दिव्यात जुन्या आकड्याची सावली उरते.

चुकीच्या चकतीवरचं नाणं ही मोठी गोष्ट. पाच रुपयांची डाय, खाली दुसऱ्याच किमतीची चकती. इथे वजन, व्यास आणि चुंबक तिन्ही एकाच दुसऱ्या नाण्याकडे बोट दाखवतात. वजन एकाचं आणि व्यास कशाचाच नाही असं झालं तर अ‍ॅसिडने खाल्लेलं नाणं हातात आहे.

डायचे दोष

तडा, टवका, भरलेली डाय. यातली भरलेली डाय आपल्या स्टीलच्या नाण्यांत पोत्याने मिळते. "भारत" मधला भ नाही, वर्षातला एक आकडा नाही, सिंहाचं तोंड नाही. शिकायला उत्तम, विकायला फारसं काही नाही. नकली करताना आकडा घासून काढतात. मग त्या जागेची नैसर्गिक झळाळी तुटते, चकाकणारा किंवा मातकट ठिगळ दिसतो आणि जागा आजूबाजूपेक्षा किंचित खोल जाते.

दुहेरी अक्षरांचा विषय जरा निवांत घ्यावा. डाय तयार करतानाच ठसा दोनदा, थोडा सरकून बसला तर त्या डायच्या प्रत्येक नाण्यावर अक्षरं दुहेरी येतात. अमेरिकेचं १९५५ चं एक सेंटचं नाणं यासाठी जगप्रसिद्ध आहे. पण हातात येणाऱ्या शंभर "दुहेरी" नाण्यांत बहुतेकांवर यांत्रिक सरकणं असतं: ठोक्याच्या शेवटी डाय सैल असल्याने किंचित घसरते आणि आताच उठलेल्या अक्षराची बाजू चेपते. फरक असा. खऱ्या दुहेरी डायमध्ये दोन्ही प्रतिमा गोलसर आणि उंच, अक्षर मूळपेक्षा जाड, आणि कोपऱ्यांवर दोन टोकं स्पष्ट सुटलेली. सरकण्यात दुसरी प्रतिमा सपाट, बसकी, पायरीसारखी आणि चकाकती. मूळ अक्षर उलट बारीक झालेलं. पायरी दिसली की पैसे खिशात ठेवा. झिजलेल्या डायमुळेही अक्षरांभोवती धूसर पसारा येतो. तो तर दोष म्हणूनही मोजत नाहीत.

डाय फिरलेली असणं हा नवशिक्याला सहज सापडणारा दोष. आपल्या नाण्यावर छापा सरळ धरून पुस्तकाचं पान उलटावं तसं नाणं उलटलं की काटाही सरळच दिसला पाहिजे. मोजायला नाणं खिडकीच्या पुठ्ठा-होल्डरमध्ये ठेवा, छापा होल्डरच्या काठाशी सरळ करा, पान उलटा आणि कोनमापक लावा. १०–१५ अंशांपर्यंतचं फिरणं रोजचं आहे, ९० आणि १८० ला मागणी असते. अमेरिकेतून कुणी सेंट किंवा क्वार्टर आणून "बघा, उलटं छापलंय" म्हणाले तर थांबवा. त्यांच्या नाण्यांची रीतच उलटी आहे, तिथे पान वरून खाली उलटावं लागतं.

ठोक्याचे दोष

चकती डायच्या मध्यावर बसली नाही की ऑफ-सेंटर. किती टक्के सरकलं ते सांगायचं आणि वर्ष दिसतं का ते बघायचं. अर्धं सरकलेलं पण वर्ष आणि टाकसाळ दिसणारं नाणं संग्राहक आधी उचलतात.

कॉलर वर आलीच नाही तर धातू मोकळा पसरतो, हा ब्रॉडस्ट्राइक. व्यास वाढतो, दाते नसतात, वजन मात्र बरोबर. घरगुती नकलेत नाणं चामड्यात धरून किंवा लाकडावर ठेवून कडेने ठोकतात. अस्सल नाण्यात मध्यातली आकृती नेहमीच्याच मापाची असते आणि फक्त कडेची अक्षरं बाहेर ओढलेली. ठोकलेल्यात सगळंच सपाट आणि ढोबळ होतं, आतली आकृतीही. व्हर्निअरने मधल्या अंकाची उंची मोजून चांगल्या नाण्याशी ताडून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता ब्रोकेज, ज्याला आपल्याकडचे जुने जाणते "लक्खी" म्हणतात. ठोकलेलं नाणं डायला चिकटून बसतं. पुढची चकती खाली येते, तिच्या एका बाजूला खरी डाय आणि दुसऱ्या बाजूला ते चिकटलेलं नाणं. म्हणून एका बाजूला छापा नीट उमटतो आणि दुसऱ्या बाजूला तोच छापा आरशात पाहिल्यासारखा उलटा आणि खोल. काट्याचा मागमूस नाही. पहिल्याच ठोक्याला उमटलेली लक्खी मापाला नेमकी आणि रेखीव असते. चिकटलेलं नाणं तसंच राहून ठोके बसत गेले की ते पातळ होऊन डायवर टोपीसारखं चढतं आणि पुढच्या ठशांत आकृती पसरत, फुगत जाते.

नकली लक्खी बनवणं दुर्दैवाने सोपं आहे: दोन नाणी पोलादी शिकंजात घालून आवळायची. पण शिकंजातल्या नाण्यावर आधीचा काटा असतोच. उलट्या सिंहांच्या खाली किंवा आजूबाजूला काट्याचा अंक, अक्षरं, कड चेपलेल्या अवस्थेत सापडतात. शिवाय पाठीमागची बाजू शिकंजाच्या जबड्याने सपाट झालेली. अस्सल लक्खीत खोल बाजूवर दुसरी कुठलीच आकृती कधी उमटलेली नसते आणि मागची बाजू टवटवीत असते. दिवा अगदी आडवा, नाण्याच्या पातळीत धरा, नाणं हळूहळू फिरवा. आधीची आकृती असेल तर या उजेडात ती दिसल्याशिवाय राहत नाही.

दोन्ही बाजूंना सरळच छापा असलेलं नाणं दिसलं तर कडेच्या आतल्या वळणावर नख फिरवा. दोन नाणी पोखरून एकात एक बसवलेली असतील तर तिथे सांधा लागतो. जादूगारांची नाणी अशीच बनतात. वजनही चुकतं आणि टेबलावर टाकल्यावर आवाज बोदा येतो.

दहा-वीस रुपयांच्या द्विधातू नाण्यांचं वेगळं तंत्र आहे. मधला गाभा आणि बाहेरचं कडं ठोक्यातच एकमेकांत अडकतात. "गाभा नसलेलं" नाणं विकायला आलं तर भोकाची आतली भिंत बघा. गाभ्याशिवाय ठोका बसला असेल तर कड्याचा धातू आतल्या पोकळीकडे सरकतो, भोक वेडंवाकडं आणि त्याचा काठ ओघळल्यासारखा होतो. ठोक्यानंतर गाभा ढकलून काढला असेल तर भोक नेमकं गोल, भिंतीवर गाभ्याच्या घर्षणाचे उभे ओरखडे. गाभा उलटा बसवणं, दोन नाण्यांचे गाभे बदलणं हेही चालतं. अशा नाण्यात सांध्याभोवती ठोकल्याच्या खुणा असतात आणि गाभा बोटाने दाबला तर कधीकधी हलतो.

पृष्ठभागावरचे चमत्कार

खाली दिलेलं टाकसाळीत होत नाही, आपल्याकडे होतं.

रुळावर ठेवलेलं नाणं लांबट, पातळ, कागदासारखं गुळगुळीत. देवळाच्या उंबरठ्यावर ठोकलेल्या नाण्याला मध्ये खिळ्याचं भोक आणि भोवती खोलगट. अ‍ॅल्युमिनियमच्या एक-दोन पैशांना वायसर म्हणून वापरायला पाडलेलं भोक. दागिन्याची कडी काढलेल्या चांदीच्या रुपयावर कडेला डाख दिल्याचा पांढुरका ठिपका आणि घासलेली जागा. जुन्या चांदीच्या नाण्यांवर सराफांनी चांदी पारखायला मारलेले छोटे ठसे आणि छिन्नीचे घाव. हे दोष नसले तरी त्या नाण्याच्या प्रवासाची नोंद आहेत, काही जण मुद्दाम जमवतात.

अ‍ॅसिडमध्ये टाकलेलं नाणं सगळीकडून सारखं बारीक होतं. अक्षरं कृश, पृष्ठभाग मातकट किंवा दाणेदार, वजन कमी, व्यासही थोडा कमी. "पातळ चकती" म्हणून ते विकतात. खऱ्या पातळ चकतीवर व्यास पुरा असतो, कारण कॉलरने तो ठरवलेला असतो. आचेवर तापवलेल्या नाण्याला निळी-जांभळी झाक येते.

चिकटवलेला धातूचा थेंब किंवा चिकटवलेलं अक्षर ओळखायला नाणं शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये काचेच्या वाटीत ठेवा. केमिकलच्या दुकानात मिळतं. नेलपेंट रिमूव्हर नको, त्यात तेल आणि रंग असतात. अ‍ॅसिटोन भडकन पेटतं, तेव्हा खिडकी उघडी, शेगडी बंद. पाच-दहा मिनिटांत गोंद सुटतो, खऱ्या धातूला काही होत नाही. बाहेर काढून न पुसता कागदावर वाळू द्या.

याखेरीज साफसफाई करू नका. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, पितळ घासायची पावडर, सगळं देवघरातल्या तांब्यासाठी ठेवा. घासलेल्या नाण्यावर सूक्ष्म केसरेघा उठतात, धातूची मूळ झळाळी मरते, आणि अस्सल एररसुद्धा संशयास्पद दिसू लागतं.

नोंद, जतन आणि व्यवहार

प्रत्येक नाण्याच्या होल्डरवर लिहा: मूल्य, वर्ष, टाकसाळ, वजन दोन दशांशांपर्यंत, व्यास, दोषाचं नाव आणि तो कुठल्या टप्प्यावरचा. दोन्ही बाजू, कड आणि आडव्या उजेडात एक असे निदान चार फोटो. घेताना विकणाऱ्याकडूनही हेच मागा. कडेचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून काहीही घेऊ नका.

नाणं कडेनेच धरायचं. पीव्हीसीचे मऊ प्लास्टिक पाऊच टाळा, त्यातून सुटणारं रसायन वर्ष-दोन वर्षांत हिरवट चिकट थर बनून बसतं. पॉलिएस्टरची कडक पाकिटं किंवा मायलर खिडकीचे होल्डर चांगले. मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्याच्या तोंडाशी बदला.

किमतीचं म्हणाल तर व्हिडिओंतले आकडे विसरा. वैष्णोदेवीचं २०१२ सालचं नाणं लाखात जातं ही अफवा अजून फिरते. ते चलनातलं साधं स्मारक नाणं आहे. जुन्या नोटा-नाण्यांच्या विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क, कमिशन किंवा कर मागणारे ठग आहेत, असा इशारा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतः दिला. बँक या व्यवहारात पडत नाही. विकण्याआधी "नोंदणी शुल्क" भरा म्हणणारा फोन आला की तिथेच ठेवून द्यावा. खरा भाव झालेल्या लिलावांच्या यादीत आणि नाणी-प्रदर्शनातल्या टेबलांवर कळतो. तेही त्याच मूल्याचं, त्याच दोषाचं आणि तेवढ्याच तीव्रतेचं नाणं शोधून. पाच टक्के सरकलेल्या एक रुपयाला पन्नास टक्के सरकलेल्याचा भाव लावून बसणारे प्रत्येक प्रदर्शनात दोन-तीन तरी असतात, आणि संध्याकाळी तीच नाणी घेऊन घरी जातात.